घरबसल्या जग पाहिलं, तर ते ‘पाहिलं’ धरायचं की नाही?

गोदाकाठची

रविवारपासून आमच्या घरात दोन तट पडलेत आणि मिटायची चिन्हं नाहीत, म्हणून इथे विचारते.

आई ७६ वर्षांची. नाशिकच्याच एका शाळेत तिने ३१ वर्षं भूगोल शिकवला. विमानात एकदाही बसलेली नाही. आधी आमची शिक्षणं, मग बाबांचं आजारपण, आणि आता सवड आहे तर गुडघे साथ देत नाहीत. वॉकर धरून हॉलपासून गॅलरीपर्यंत जाते, तेवढंच.

भाचा सुट्टीला येताना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणारं यंत्र, घेऊन आला. आजीला फिरत्या खुर्चीत बसवलं, चष्म्यावरून हेडसेट चढवला आणि कोलोरॅडो नदीचं हॉर्सशू बेंड लावलं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये नदी कड्यांमधून घोड्याच्या नालेसारखी वळते, ती ही जागा. वरच्या कड्यावरून पाणी जवळजवळ ३०० मीटर खाली. आईने आधी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मग उजवा पाय हळूच पुढे सरकवून जमीन चाचपली. फरशी लागल्यावर पाय तिथेच ठेवला आणि वाकून खाली बघत राहिली. दोन-तीन मिनिटं एक शब्द नाही. मग एकदम तिचा वर्गातला आवाज लागला. “हे बघा, बाहेरच्या काठावर पाणी जोरात आपटतं, म्हणून तिकडे कडा तासला गेलाय. आतल्या काठाला वेग कमी, तिथे गाळ साचतो.” बोट हवेत वळण काढत होतं. नागमोडी वळण आणि नालाकृती सरोवर तिने फळ्यावर किती वर्षं काढलं! त्या दिवशी फक्त हातात खडू नव्हता.

दादा म्हणाला, “आई, हे चित्र आहे. अमेरिका पाहिली म्हणून कुणाला सांगू नकोस, लोक हसतील.” आईने हेडसेट काढला, पदराने चष्मा पुसला आणि आत निघून गेली.

मला ते फार लागलं. माझं म्हणणं असं की आईने ते वळण पाहिलं. हा नुसता गोल फिरवायचा फोटो नव्हता. जागेचे असंख्य फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढतात आणि त्यावरून संगणकात कडा मापासकट उभा करतात. म्हणून ती वाकली की कड्याखालचा भाग दिसायला लागतो, डोकं बाजूला नेलं की जवळचा दगड लांबच्या दगडाला झाकतो. डोळ्यांना एवढं मिळालं की खोलीचा अंदाज शरीर आपणच बांधतं. तिचा पाय उगाच नाही चाचपडला.

आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. किती पिढ्यांनी तिथे बसून कधी न गेलेल्या देशांची पुस्तकं वाचली. आता तिथेच एक खुर्ची आणि एक हेडसेट का असू नये? गावोगावच्या वाचनालयांतही असावा. तुम्हाला काय वाटतं?

लेणीवाला

ताई, तुमच्या दादांनी आईंचं मन दुखवायला नको होतं. पण मुद्दा त्यांचा खरा आहे.

मी १८ वर्षं पाहुण्यांना पांडवलेणी, अंजनेरी, त्र्यंबक दाखवतोय. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष कोरलेत. कमरेपासून वरचे तेवढेच दिसतात, खांद्यावर तुळया. पाहुणा दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतो. मांड्या भरून आलेल्या, धाप लागलेली, आणि समोर ही माणसं अख्खी ओसरी पेलून उभी! मी तोंड उघडायच्या आधी कितीतरी जण नकळत स्वतःच्या खांद्यावर हात ठेवतात. हे मी शेकडो वेळा बघितलंय. आत भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर त्याच्या आईने त्याचा पराक्रम कोरून ठेवलाय. तिथे दगड भर दुपारीही गार लागतो. तळवा टेकवला की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो.

तुमच्या यंत्रात पायऱ्या नाहीत, धाप नाही, गारवा नाही. मग यक्षांच्या खांद्यावरचं ओझं कुठून कळणार?

आणि माझी खरी काळजी पुढेच आहे. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यापुरतं मी समजू शकतो. पण सोय तिथे थांबत नाही. यंदा एका शाळेने लेण्यांची सहल रद्द करून व्हीआरचा तास घेतला. शाळेपासून लेणी आठ किलोमीटर. धडधाकट पोरं, बाकावर बसून लेणी बघतात.

पंचवटी कारंजा

मी इतिहास शिकवतो आणि मला लेणीवाल्यांशी वाद घालायचाच आहे. जाणाऱ्याने जागेला काय दिलं, हेही बघा ना.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली. सतरा हजार वर्षांच्या आसपास जुनी चित्रं, बैल आणि घोडे, रंग अजून ताजे. युद्धानंतर गुहा लोकांसाठी खुली केली आणि पंधरा वर्षांत भिंतींवर हिरवं शेवाळ धरायला लागलं. कारण काय? बघायला आलेल्यांचा श्वास, अंगाची वाफ, दिवे. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली ती आजतागायत. जे सतरा हजार वर्षं टिकलं ते प्रेमाने बघायला आलेल्यांनी पंधरा वर्षांत धोक्यात आणलं. तळवा टेकवण्याचं तुम्ही एवढ्या मायेने लिहिलंत, पण वर्षाला लाखभर तळवे त्या अक्षरांवर टेकले तर बलश्रीचा लेख किती दिवस राहील?

लेणीवाला

लेखाला मी कुणाला हात लावू देत नाही सर. हात टेकवतो तो खालच्या साध्या भिंतीला. ते मी नीट लिहायला हवं होतं.

पण लास्कोचं पुढे काय झालं तेही सांगा. फ्रान्सने १९८३ मध्ये गुहेची प्रतिकृती उभी केली, तीही त्याच टेकडीवर. २०१६ मध्ये आणखी मोठी केली, ती टेकडीच्या पायथ्याशी. लोक आजही त्या गावी जातात, तिथली हवा खातात, मग आत शिरतात. मूळ जपलं आणि प्रवासही ठेवला. असं काही करा, मी पहिला तुमच्या बाजूला.

सिडको, पाचवी स्कीम

“जाऊन बघा” म्हणणं ज्यांना सोपं आहे त्यांच्यासाठी लिहिते. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तीन वर्षं पैसे साठवून युरोपचा व्हिसा मागितला. जून २०२४ पासून या व्हिसाची (शेंगेन, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) फी ९० युरो आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. मला नकार आला. कारण छापील, मी परत मायदेशी येईन याची खात्री वाटत नाही म्हणे. कागद घेऊन मी पायरीवर बसून रडले होते.

नाझींपासून लपून डायरी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक ॲमस्टरडॅमला ज्या घरात लपली होती, ते मला बघायचं होतं. शेवटी मैत्रिणीच्या हेडसेटवर पाहिलं. तिथल्या संग्रहालयात लपायच्या त्या खोल्या रिकाम्या ठेवल्यात, तिच्या वडिलांची तशी इच्छा होती. व्हीआरमध्ये मात्र त्याच खोल्या सामानासकट लावून दाखवतात. पलंग, टेबल, भिंतीवर चिकटवलेले नटनट्यांचे फोटो. आठ माणसं दोन वर्षांहून जास्त काळ एवढ्याशा जागेत कशी राहिली असतील, ते मला पलंग आणि टेबल यांच्यामधली फट बघून कळलं. शिवाय त्या घराचे जिने इतके उभे आहेत की व्हीलचेअरवरचा माणूस ॲमस्टरडॅमला पोहोचूनही वर जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी तर हीच वाट.

त्यामुळे ‘पाहिलं’ म्हणायला मला कुणाच्या शिक्क्याची गरज वाटत नाही. एक शिक्का मागून झालाय.

फिजिओ, नाशिकरोड

वाद चालू द्या, पण गोदाकाठची ताई, आईंसाठी एवढं वाचा.

डोळे सांगतात आपण हललो, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं हललोच नाही. या भांडणातून मळमळ आणि घेरी येते. म्हणून सरकत जाणारे देखावे नकोत, एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी नेणारे लावा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. हेडसेट अर्ध्या किलोचा असतो, मानेचं दुखणं असेल तर आणखी कमी. फिरत्या खुर्चीची चाकं अडवून ठेवा, खुर्ची जागच्या जागी फिरू दे, घरंगळायला नको. चष्म्यासाठी आत बसवायची पट्टी येते ती लावा, नाहीतर काचेला काच घासते. काढल्यावर पाच मिनिटं बसवून ठेवा, लगेच उठून पडण्याचे प्रकार मी बघितलेत. आणि फिट्सचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

माझ्याकडे पक्षाघातानंतरचे एक आजोबा होते. मान डाव्या बाजूला वळवायचेच नाहीत. डावीकडे समुद्र लावला, तेव्हा वळवली.

चौथा मजला

इतकी चर्चा वाचली. ज्यांच्यासाठी हे यंत्र आहे म्हणता, त्यांतला मी एक. वय ८१. इमारतीला लिफ्ट नाही, हृदयाचं दुखणं, त्यामुळे दोन वर्षांत फक्त दवाखान्यासाठी खाली उतरलो.

मुलगा कॅनडात. त्याने असाच हेडसेट पाठवला. व्हिडिओ कॉलवर मला सगळं नीट शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. मी बर्फाचे डोंगर पाहिले, निळी तळी पाहिली. सुंदर होती. पण एक तळं पाहिल्यावर मी सवयीने “अगं, हे बघ” म्हणालो आणि हेडसेट काढला. घरात कुणी नव्हतं. ही जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ते यंत्र कपाटात आहे.

मला कॅनडा नको. पावसाळ्यात गोदेला पूर आला की नाशिकमध्ये आजही लोक विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की गळ्याला? मी लहानपणापासून दर पुराला ते बघायला जात असे. आता शेजारचा मुलगा मोबाइलवर फोटो दाखवतो. फोटोत पाणी दिसतं, पण त्याचा घरघराट येत नाही, आणि घाटावर अनोळखी माणसाशी “यंदा वाढतंय हो” असं बोलता येत नाही.

ताई, तुमच्या आईला मुलगी आहे, नातू शेजारी उभा होता, म्हणून त्यांचा वर्ग भरला. यंत्र देऊन सुटका करून घेणारी मुलं खूप आहेत. वाचनालयात हेडसेट जरूर ठेवा. पण तिथवर नेणारा माणूस कोण, तेही ठरवा.

लेणीवाला

काका, रविवारी सकाळी मी पाहुण्यांना घेऊन रामकुंडावर असतो, दहाला मोकळा होतो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर खुर्चीत बसवून तुम्हाला खाली उतरवायला दोन तरणी पोरं घेऊन येतो. पत्ता इथे लिहू नका, मला निरोप पाठवा.

गोदाकाठची

काका, तुमचं लिहिलेलं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

वाचनालयाबद्दल मी अजूनही ठाम आहे. फक्त हेडसेटबरोबर शेजारी बसणारा माणूसही मागायचा, हे मला आधी सुचलं नव्हतं. आणि लेणीवाले, सहलीच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्याकडे. ज्यांचे पाय चालतात त्यांना चालवलंच पाहिजे. पण आईने पाहिलं ते पाहिलंच, तिथून मी हलणार नाही.

काल एक झालं ते सांगते. भाच्याने विचारलं, “आजी, आता कुठे?” मला वाटलं नॉर्वेचे फ्योर्ड म्हणेल. म्हणाली, “नगर.” तिचं माहेर नगरचं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेले रस्ते, भारतात जुलै २०२२ मध्ये दहा शहरांपासून सुरू झालं, त्यांत आपलं नाशिक होतं आणि नगरही होतं. हेडसेटमध्ये ते रस्ते आपल्याभोवती उभे राहतात. आईने भाच्याला वळणं सांगत सांगत नेलं. इथून डावीकडे, आता ते पिंपळाचं झाड येईल बघ. झाड आलं! पुढे तिच्या घराचा बोळ, आणि तिथे सगळं थांबलं. बोळ अरुंद, कॅमेऱ्याची गाडी आत शिरलेलीच नाही. तोंडाशी उभं राहून आत बघितलं तर एक सायकल, वाळत घातलेली चादर आणि पुढे अंधुक. भाचा बटणं दाबत होता, पुढे काही जाईना. आई म्हणाली, “राहू दे. एवढं मी चालेन.”

दादा तिथेच होता. त्याने रात्री स्वतःहून गाडीचं विचारलं. आम्ही पुढच्या शनिवारी निघतोय. आईला तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसवत नाही, आणि वाटेत कमोड असलेलं स्वच्छतागृह हवंच. रस्ता माहीत असलेल्यांनी सांगा.

लेणीवाला

सिन्नर, नांदूर शिंगोटे, लोणी, कोल्हार, राहुरी असा रस्ता धरा. सकाळी सहाला निघा, सिन्नरच्या पुढे पहिला थांबा घ्या. आईंना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे सरकवून, गुडघ्याखाली उशी. राहुरीनंतर घाई करू नका. कमोडसाठी रस्त्यावरची मोठी हॉटेलं बरी, आत शिरायच्या आधी दादांना बघून यायला सांगा. आणि बोळाच्या तोंडाशी गाडी उभी करायला जागा आहे का, ते आजच हेडसेटमध्ये बघून ठेवा.