खरं लिनन परवडेल असं मिळवायचं कसं? (आतापर्यंत दोन फसगती)

लांबबाह्या

नमस्कार मंडळी,

आधी अडचण सांगतो. माझे हात माझ्या धडापेक्षा एका मापाने मोठे आहेत. तयार शर्ट खांद्यात बसला तर बाही मनगटाच्या दोन बोटं आधीच संपते, आणि बाही पुरली तर आत आणखी एक माणूस मावतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवायला शिकलो. कॉटनचे ११ शर्ट झाले, त्यातले सात चारचौघांत घालण्याजोगे. आता लिननचा हवाय. घाम फार येतो आणि लिनन अंगाला चिकटत नाही, एवढंच कारण.

पहिली फसगत ऑनलाइन झाली. फोटोत छान गाठी-गाठींचा धागा दिसत होता, भाव कॉटनएवढाच. शर्ट शिवला, दिवसभर घातला, जराही चुरगळला नाही. मी खूश! खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. इस्त्री जरा गरम लागली तेव्हा कापड तिला चिकटलं आणि खिशावर कायमचा चकचकीत डाग पडला. मग वर्णन पुन्हा वाचलं. ‘लिनन फील’ असं लिहिलेलं होतं. फील!

दुसऱ्या वेळी दुकानात जाऊन, हात लावून, कॉटनच्या तिप्पट भावाने खरं लिनन आणलं. ५८ इंची पन्हा, सव्वादोन मीटर. इतका उतावीळ झालो होतो की आणल्या आणल्या बेतलं. बाही ६५ सेंटीमीटर, आयुष्यात पहिल्यांदा मनगट झाकलं गेलं. पहिल्या धुण्यानंतर बाही ६१. म्हणजे पुन्हा तेच, दोन बोटं आधी.

तिसरा एक कटपीस आणलाय, ४४ इंची, १ मीटर ६० सेंटीमीटर. ‘प्युअर’ म्हणून दिलाय. महिनाभर कपाटात आहे, कात्री लावायचा धीर होत नाही.

प्रश्न दोन. घरच्या घरी खरं-खोटं ओळखायचं कसं? आणि तिप्पट भाव न मोजता लिनन मिळवायला तुम्ही काय करता?

---

रिकामी_बॉबिन

पहिली फसगत दुकानदाराची, दुसरी तुमची स्वतःची. राग मानू नका, माझीही एक पँट अशीच तीन-चतुर्थांश झाली होती.

लिनन आटतंच. पाचेक टक्के तर सहज, काही कापडं दहापर्यंत जातात. ते आधीच धुवून घ्यायचं. पण तसंच टाकलंत तर कापलेल्या दोन्ही टोकांच्या दशा निघून त्यांचा गुंता होतो आणि कापड आणखी वाया जातं, म्हणून आधी टोकांना झिगझॅग टीप मारा. शर्ट पुढे जितक्या गरम पाण्यात धुणार, निदान तितक्या गरम पाण्यात धुवा. मी दोनदा धुते. पिळायचं नाही, पिळल्याच्या घड्या लवकर जात नाहीत. किंचित ओलं असतानाच इस्त्री. पूर्ण वाळलेल्या लिननला इस्त्री करणं म्हणजे पापडाला इस्त्री करणं.

खरेदी करताना हे गणित धरा: लागणाऱ्या लांबीला ०.९२ ने भागा. दोन मीटर हवं असेल तर २ मीटर १७ सेंटीमीटर घ्यायचं. आणि शिवताना सुई ८० किंवा ९० नंबरची, टाका अडीच ते तीन मिलिमीटर. बारीक टाक्याची शिवण उसवताना कापडाला भोकं राहतात.

---

उभाआडवा

विणकाम गिरणीत कापड-तपासणीच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. जरा लांबण लागेल.

धागा जाळून बघा असं सगळे सांगतात. त्यातून अर्धंच कळतं. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो, तेवढं पकडता येतं. पण कॉटन, लिनन आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) तिन्ही मुळात सेल्युलोज. तिन्ही कागदासारखी जळतात आणि मऊ राख राहते. त्यामुळे ‘कागदाचा वास आला, म्हणजे लिनन’ हे खरं नाही. (जाळणारच असाल तर चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, नळाशेजारी.)

मी तीन गोष्टी करतो.

कापडातून एक धागा काढायचा आणि त्याचा पीळ उलटा फिरवून सोडवायचा. मग हलकेच ओढायचा. कॉटन असेल तर तंतू दोन-तीन सेंटीमीटरचे निघतात आणि कापसासारखे फुसकन सुटतात. लिननचे तंतू बरेच लांब, केसासारखे सरळ आणि जरा ताठ असतात.

दुसरा धागा मधोमध ओला करून ओढायचा. व्हिस्कोसची ताकद ओलं झाल्यावर निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे धागा नेमका ओल्या जागी पटकन तुटतो. लिननचं उलटं, ते ओलं झाल्यावर जास्त मजबूत होतं. ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा, कारण लिनन म्हणून गळ्यात पडणाऱ्या कापडांत व्हिस्कोसची मिसळ भरपूर असते.

आणि ही दोन्ही कामं उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांवर वेगवेगळी करायची. लोक नेमकं हेच विसरतात.

तिसरी गोष्ट म्हणजे गाठी. खऱ्या लिननमध्ये जाड-बारीकपणा कुठेही, कसाही येतो. नकलीत तो ठरावीक अंतराने परत येताना दिसतो. पण केवळ यावर विसंबू नका, हल्ली नक्कल चांगली होते.

‘बेड लिनन’ या नावाला मात्र भुलू नका. तिथे लिनन म्हणजे नुसत्या चादरी-अभ्रे, बहुतेक वेळा कॉटनचेच. एके काळी घरातलं सगळं पांढरं कापड याच धाग्याचं असे, धागा गेला आणि नाव राहिलं. अस्तराला लायनिंग म्हणतात तेही मूळ यावरूनच.

आता महाग का, ते. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातला धागा. बी तेच, पण धाग्यासाठी उंच वाढणारे वाण लावतात. त्यातला चांगला लांब धागा मुख्यतः उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर पिकतो, आणि फ्रान्सचा वाटा सर्वांत मोठा. वसंतात पेरतात, साधारण १०० दिवसांत पीक तयार होतं. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे तंतू पूर्ण लांबीचा मिळतो. मग ते आठवडेच्या आठवडे शेतातच आडवं पडून राहतं. दंव आणि पाऊस यांच्या ओलीवर जंतू वाढतात आणि खोडाला तंतू चिकटवून ठेवणारा डिंक खातात. पाऊस कमी झाला तर ते कुजत नाही, जास्त झाला तर जास्त कुजतं. पुढे झोडपणी आणि विंचरणी. इतकं करून जगातल्या एकूण कापडी तंतूंत लिननचा वाटा एक टक्काही नाही. लेबलवर ‘युरोपियन फ्लॅक्स’ (म्हणजे युरोपातलं जवस) दिसलं तर अर्थ इतकाच, की धागा तिकडे पिकला. कताई आणि विणाई कुठेही झालेली असू शकते, आणि त्यात वाईट काही नाही.

विंचरताना जे आखूड तंतू खाली पडतात, त्यांचंही सूत होतं. ते जाडंभरडं आणि स्वस्त असतं. पँटला उत्तम, अंगालगतच्या शर्टाला जरा टोचरं, पण पाच-सहा धुण्यांत बरंच मवाळतं. परवडणाऱ्या लिननची ही पहिली वाट, आणि तिच्यात फसवणूक नाही.

शेवटचं: मीटरच्या भावावर जाऊ नका, वजन विचारा. शर्टाला १३० ते १७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये), पँटला २०० च्या आसपास. काही ठिकाणी गिरणीचा उरलेला माल किलोवर मिळतो आणि तिथे गिऱ्हाईक गोंधळतं. हिशेब सोपा आहे. ५८ इंच म्हणजे १.४७ मीटर. १७० जीएसएमचं एक मीटर कापड भरतं २५० ग्रॅम. म्हणजे किलोला चार मीटर. आता भाव ताडून बघा.

---

कातर_हातात

एक आगाऊ प्रश्न. शुद्ध लिननच कशाला? ५५ टक्के लिनन आणि ४५ टक्के कॉटन अशी मिसळ सर्रास मिळते, कमी आटते, कमी चुरगळते, खिशाला झेपते. लेबलवर उघड लिहिलेलं असेल तर ती फसवणूक नाही. माझे चार शर्ट त्याचेच आहेत. घाम टिपायला मला फरक जाणवला नाही. पाठ वाळायला थोडा जास्त वेळ लागतो, बस.

---

लांबबाह्या

@रिकामी_बॉबिन, पापडाला इस्त्री! दोन्ही वेळा मी तेच केलंय.

@उभाआडवा, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री साडेदहाला कपाट उघडलं. कटपीसच्या कडेचा आडवा धागा काढला, पीळ सोडवला, तंतू लांबच लांब. ओला करून ओढला, तुटेना, बोटाला वळ आला. विजयी मुद्रेने बायकोला दाखवायला निघालो, तेवढ्यात तुमची ‘उभ्या आणि आडव्या’ची ताकीद आठवली. उभा धागा काढला. फुसकन सुटला, दोन सेंटीमीटरचे तंतू. पुन्हा काढला, पुन्हा तेच.

म्हणजे उभं कॉटन, आडवं लिनन. ‘प्युअर’ म्हणे! फसगती आता अडीच धरायच्या का?

@कातर_हातात, तुमचं म्हणणं पटतंय, पण मिसळीचा भाव द्यायला मिसळ म्हणून तरी कळलं पाहिजे.

---

उभाआडवा

अडीचच धरा. शुद्ध सांगून दिलं ते चूक, पण कापड वाईट नाही. कॉटनचा ताणा (उभे धागे) घेतला की मागावर धागा कमी तुटतो, म्हणून अशी विण फार जुनी आहे. तुमचं नशीब असं, की शर्टाची लांबी सहसा उभ्या धाग्यात येते, आणि तुमचा उभा धागा कॉटनचा, लिननपेक्षा कमी आटणारा. धुवून मोजा आणि मग बेता.

---

पडद्यामागे

मी नवं लिनन जवळजवळ घेतच नाही. जुन्या चादरी, टेबलक्लॉथ आणि पडदे घेते. वापरलेल्या सामानाच्या दुकानात कपड्यांच्या रांगेत सगळे शोधतात, चादरींच्या ढिगाकडे कोणी फिरकत नाही.

२३० बाय २५० सेंटीमीटरची चादर म्हणजे क्षेत्रफळाने ५८ इंची पन्ह्याचं जवळजवळ चार मीटर कापड. शिवाय शेकडो धुण्यांतून गेलेली असते, म्हणजे जे काही आटायचं ते दुसऱ्याच्या घरी आटलेलं. आणि मऊपणा असा, की नव्याला तो यायला काही वर्षं जावी लागतात.

बघायचं काय, तर उजेडासमोर धरायची. चादर मधोमध झिजलेली असते, माणूस झोपतो तिथे. तो पट्टा विरळ दिसला तर सोडून द्यायचा. कडेच्या भागात शर्ट आरामात बसतो. पडद्यांत मात्र जपून! वर्षानुवर्षं ऊन लागलेला भाग दिसायला धड असतो आणि ओढला की टरकतो. मी दुकानातच कोपरा दोन अंगठ्यांत धरून ताणून बघते, दुकानदाराची नजर चुकवून. टेबलक्लॉथवर डाग असले तर चालतात, डागावर खिसा येतो. माझ्या एका शर्टाला म्हणून तीन खिसे आहेत.

पांढरी किंवा बदामी चादर असेल तर घरी रंगवता येते. धुण्याच्या सोड्यात बसणारे रिअॅक्टिव्ह रंग लिननवर पक्के चढतात. शिवणदोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो रंग घेत नाही, पांढराच राहतो. आधी रंगवा, मग शिवा.

---

लांबबाह्या

तीन आठवड्यांनी परत आलो, वृत्तांत द्यायला.

चादर मिळाली. ढिगाच्या तळाशी होती, लेबल कापलेलं. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तिथेच उभं राहून सोडवले. ओलं करायला पाणी नव्हतं, जिभेवर घेतला (हे कोणी करू नका, साबणाची चव दिवसभर राहिली). दोन्ही लिनन. मध्यभागी हातभर पट्टा विरळ आहे, पण दोन्ही बाजूंना भरपूर कापड. भाव सांगत नाही, पण फसगत क्रमांक दोनच्या एका मीटरपेक्षा पूर्ण चादर स्वस्त पडली.

आधी मांजरपाटावर नमुना शिवून बाही तपासली. मग कापड धुतलं, ओलसर असताना इस्त्री केली, एक धागा ओढून त्या रेषेवर सरळ कापलं. शिवणीच्या आत दशा दिसू नयेत म्हणून सगळीकडे दुहेरी टीप, आधी उलटीकडून की सुलटीकडून यात दोनदा चुकलो आणि दोनदा उसवलं. चादरीच्या काठाला जुनी जाळीची शिवण होती, ती कापवेना, म्हणून शर्टाच्या खालच्या घेराला तीच ठेवली. बायको म्हणते उशीच्या अभ्र्यासारखं दिसतं. असू दे.

बाही ६६ सेंटीमीटर ठेवली, एक जास्तच. तीनदा धुतला. ६६.

कटपीसही धुतला, १ मीटर ६० चा १ मीटर ५२ झाला. त्यात माझी पूर्ण बाही बसत नाही, कसंही फिरवून बघितलं. त्यामुळे त्याचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट बेतलाय, उद्या कापतो. कॉलरच्या आत चिकटवायचं कॅनव्हास आधी धुवायचं असतं का, तेवढं कोणीतरी सांगा. ते आटलं तर कॉलर फुगते असं कुठेतरी वाचलंय.

---

रिकामी_बॉबिन

धुवायचं नाही, डिंक सुटेल. कोमट पाण्यात दहा मिनिटं नुसतं बुडवून ठेवा, न पिळता आडवं वाळवा. आणि उद्या सकाळी उजेडात कापा, रात्री साडेदहाला नको.