११ वर्षांच्या भाच्यासाठी सुपरहीरोंची कॉमिक्स सुचवा (बजेट १५०० रु.)

धंतोलीचा_मामा: मंडळी, भाचा दिवाळीत नागपूरला येतोय. त्याला कॉमिक्स द्यायची आहेत, १५०० च्या आत. मागच्या वेळी कव्हर पाहून बॅटमॅनचं एक आणलं. घरी चाळलं तर पानोपानी काळोख, रक्त, कोणी कोणाशी धड बोलत नाही. ते कपाटातच राहिलं. आम्ही उन्हाळ्यात ओट्यावर पालथं पडून वेताळ (इंग्रजीतला 'फँटम') वाचायचो, पुस्तक मिटल्यावर बरं वाटायचं. तसं आज काही मिळतं का? मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.

बर्डीवाला: 'किंगडम कम' घ्या. १९९६ चं, मार्क वेडची कथा, अ‍ॅलेक्स रॉसची चित्रं. तुमचाच प्रश्न आहे त्यात: नवे हीरो बेफाम झालेत आणि जुना सुपरमॅन परत येतो. माझी प्रत साडेतीन हजारांना पडली, पण एकेक चौकट हाताने रंगवलेली आहे. पैशाकडे पाहू नका.

महालची_ताई: अहो, त्यांनी १५०० सांगितलेत. आणि शेवटी केवढा संहार आहे त्यात! ११ वर्षांच्या पोराला नको.

इतवारी_७२: मुळात वेताळ सुपरहीरो नाहीच. शक्ती कुठली आहे त्याला?

जुनं_इंद्रजाल: शक्ती नाही म्हणून काय झालं? ली फॉकचा वेताळ १९३६ चा, सुपरमॅन १९३८ चा. अंगाबरोबर बसलेला पोशाख, मुखवटा, बुबुळं न दिसणारे डोळे, हे सगळं वेताळाकडे आधी होतं. आपल्याकडे वेताळ छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला निघालं, १९९० ला बंद पडलं. माझ्याकडे त्यातले २१० मराठी अंक आहेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबराच्या गोळ्या टाकून. कोणाला देणार नाही, आधीच सांगतो.

सक्करदरा_भाऊ: मामाजी, कायले एवढा विचार करून राहिले? राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव घ्या. १९८७ पासूनचा आहे, अनुपम सिन्हाचा. सर्कशीतला पोरगा, शक्ती काहीच नाही, नुसतं डोकं चालवते. आमच्या गल्लीत भाड्यानं मिळायचा. एका दिवसाच्या भाड्यात आम्ही चौघं भाऊ वाचून काढत होतो. फक्त राजचाच डोगा घेऊ नका, तो गोळ्याच झाडते.

बर्डीवाला: हे सगळं १९८६ नंतर बिघडलं. फ्रँक मिलरचा म्हातारा बॅटमॅन आणि 'वॉचमेन' आले, आणि बाकीच्यांनी त्यातला राग तेवढा उचलला.

महालची_ताई: १९३९ चा पहिला बॅटमॅन माणसं मारायचा, पिस्तूलही वापरायचा. १९४० ला रॉबिन आला, १९५४ ला अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली, तेव्हा तो निवळला. आपल्याला आठवतो तो सौम्यपणा मधल्या काळातला आहे. मामा, 'ऑल-स्टार सुपरमॅन' बघा. गच्चीच्या कडेवर उभ्या मुलीशी सुपरमॅन दोन शब्द बोलतो आणि तिला जवळ घेतो. एवढंच एक पान आहे, पण मी ते कितीदा वाचलं असेन. आधी स्वतः वाचा, मग द्या.

बर्डीवाला: तरी माझं मत किंगडम कमच.

इतवारी_७२: ध्रुवच घ्या. आणि जुन्या अंकांच्या नादी लागू नका. मी ऑनलाइन १२०० ला 'मूळ प्रत' मागवली, आली झेरॉक्स, वर पिनाही गंजलेल्या. विक्रेता फोन उचलत नाही.

जुनं_इंद्रजाल: म्हणून मी विकत नाही.

धंतोलीचा_मामा: सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेलं माझ्यासाठी मागवलंय. पण काल भाच्याला घेऊन बर्डीला गेलो, तर रद्दीच्या ढिगात मराठी वेताळ सापडला. कव्हर नाही, शेवटचं पान नाही, ४०० रुपये. नादी लागू नका म्हणालात तरी घेतला. पोरगं इंग्रजी शाळेतलं, जोडाक्षरावर बोट ठेवून वाचत होतं. 'जबड्यावर' अडलं, मी सांगितलं. पुढच्याच चौकटीत समुद्री चाच्याच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते आणि अंक संपतो. रात्री दोनदा विचारलं त्यानं, "मामा, बोटीवरच्या माणसांचं काय झालं?" मला आठवेना. इंद्रजालवाले भाऊ, अंक देऊ नका, पण चाच्यांच्या गोष्टीचं शेवटचं पान तुमच्याकडे असेल तर फोटो टाकाल का? तो रविवारी पुण्याला परत जातो.