मदत हवी आहे: इंक टँक प्रिंटरचा काळा रंग अर्धाच उमटतो

प्रिंटर एप्रिल-मेचे दीड महिने बंद होता, बाहेर पारा ४५ वर. आता नोझल चेकमध्ये (शाईची बारीक छिद्रं तपासायची चाचणी छपाई) निळा, गुलाबी, पिवळा पूर्ण येतात. काळ्याच्या अर्ध्या रेषा गायब. टाकीत शाई खालच्या खुणेच्या वर आहे, नळीत मात्र दोन ठिकाणी हवा दिसते. हेड (शाई सोडणारा भाग) क्लीनिंग ३ वेळा केलं, मग १२ तास थांबून पुन्हा एकदा, फरक नाही. पॉवर क्लीनिंग (जास्त जोराची सफाई) टाळतोय, त्यात शाई फार जाते अन् वाया गेलेली शाई शोषणारा वेस्ट पॅड लवकर भरतो.

छपाई चालू असताना लाइन गेली की हेड मधेच थांबतं, त्यावर झाकणाची कॅप बसत नाही, शाई वाळते. मूळ तेच असावं.

कॅपिंग स्टेशनच्या (काम नसताना हेड जिथे टेकतं ती जागा) स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे ४-५ थेंब टाकून हेड रात्रभर बसवावं, की आधी नळीतली हवा काढावी? काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आहे, नुसतं पाणी पुरेल का? (बोअरचं पाणी सुचवू नका, क्षारानं नोझल आणखी बुजतील.)