कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तूंना आरएफआयडी टॅग: चिकटवावेत का?

पंचगंगाकाठ: ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती छोटी आहे, पिशवीतून सहज जाईल. कॅमेऱ्याचं चित्रण आपण बघतो ते चोरीनंतर. म्हणून टाऊन हॉल संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूला पॅसिव्ह यूएचएफ आरएफआयडी टॅग हवा, म्हणजे रेडिओलहरींनी दुरून वाचता येणारी क्रमांकाची चिठ्ठी. त्याला बॅटरी लागत नाही, त्याच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींना आपल्याकडे परवानाही लागत नाही. हातातला रीडर कपाटापुढून फिरवला की मोजदाद झाली.

गंज_उतारा: मूर्तीला चिकटवायला माझा ठाम विरोध! साधा टॅग धातूवर वाचलाच जात नाही. धातूसाठीचा टॅग जाड असतो, मूर्ती झाकून टाकेल. गोंदातून आम्ल सुटतं, पीव्हीसी कुजताना क्लोराइड देतं आणि कांस्याला क्लोराइड लागलं की आपल्या पावसाळी दमटपणात हिरवी भुकटी सुटायला लागते. टॅग पेटीला लावा, मूर्ती आत पॉलिइथिलीन फोमच्या खाचेत. मूर्तीवर फक्त क्रमांक, तोही तळाला: आधी अ‍ॅसिटोनमधल्या पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा थर, वाळल्यावर शाईचे अंक, वर बी-६७ या दुसऱ्या राळेचा थर. वरही बी-७२च फिरवली तर तिच्यातल्या अ‍ॅसिटोनने अंक फिसकटतात.

पंचगंगाकाठ: मग चोर मूर्ती उचलेल, पेटी जागेवर राहील आणि रीडर 'सगळं आहे' म्हणेल. त्याचं काय?

गंज_उतारा: हा मुद्दा रास्त आहे. पण टॅग मूर्तीवर असला तरी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला की दारातला रीडर मुकाच. मांडलेल्या वस्तूखाली वजनाचा सेन्सर आणि कपाटाच्या दाराला चुंबकी स्विच हवा. टॅग कोठारातल्या मोजणीपुरता.

नोंदवही: दोघंही नोंदीबद्दल बोलत नाहीत, याचं वाईट वाटतं. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २००० वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या निघाल्या. त्यांतल्या कित्येकांची पुरती नोंदच नव्हती. टॅगमध्ये असतो नुसता क्रमांक. त्यामागे मोजपट्टीसह फोटो, मापं, वजन, वस्तूवर कोरलेला लेख आणि मुख्य म्हणजे पोचे, चिरा, तुटके कोपरे लिहिलेले नसतील, तर सापडलेली मूर्ती आपलीच हे पोलिसांना पटवणार कसं? पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'जतन' सॉफ्टवेअर नोंदींसाठीच आहे. आबालाल रहिमान यांच्या चित्रांना तर टॅग नकोच, कागदाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक पुरे.

पंचगंगाकाठ: नोंद आधी, हे मान्य. पण नोंदी पुऱ्या होईपर्यंत कोठार उघडं ठेवायचं का? पेट्यांचे टॅग आणि दारांचे स्विच तरी लगेच बसवा.