हेन्री एव्हरी: कसलेला दर्यावर्दी की नशीबवान लुटारू?

सागरवाट:
मे १६९४ मध्ये स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात पगार थकलेल्या खलाशांचं बंड, त्याचा म्होरक्या इंग्रज दर्यावर्दी एव्हरी, आणि १६९६ मध्ये तो बेपत्ता. मधल्या काळात चाचा बनून त्याने औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटलं. माझ्या मते हे निव्वळ तयारीचं फळ. बळकावलेल्या 'चार्ल्स' जहाजाचं 'फॅन्सी' केल्यावर त्याने वरचं बांधकाम छाटून वजन उतरवलं, जहाज कलतं करून बुडाचं शेवाळ-शिंपले खरवडले. बूड घाण असलं की शिडं कितीही फुगोत, चाल मिळत नाही. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबपाशी इतर चाचे येऊन मिळाले, त्यांतलं मंद 'डॉल्फिन' जाळून टाकलं. येमेनच्या मोखा बंदरातून निघालेला हज यात्रेकरूंच्या जहाजांचा तांडा रात्रीतून निसटला, तरी 'फॅन्सी'ने तो गाठलाच.

डोलकाठी:
गाठला, मान्य. पण पुढचं? 'गंज-ए-सवाई'वर तोफाही जास्त, माणसंही. सुरुवातीलाच तिची एक तोफ फुटली आणि तिचेच गोलंदाज मेले. ओतकामात दोष असो की दारू जास्त झालेली असो, त्यात एव्हरीचं कर्तृत्व काय? मग एका गोळ्याने मुख्य डोलकाठी गेली. ती पडली की जहाज वळत नाही, तोफा हव्या त्या बाजूला धरता येत नाहीत. हे दोन अपघात झाले नसते, तर 'फॅन्सी'चे लोक तिच्यावर चढूच शकले नसते.

सागरवाट:
डोलकाठीवर गोळा लागायला आधी तेवढं जवळ जावं लागतं! शिवाय त्याआधी सुरतेचा व्यापारी अब्दुल गफूर याचं 'फतेह मुहम्मद' जहाज हाती आलं होतं. एव्हरीला येऊन मिळालेला चाचा थॉमस ट्यू त्याच जहाजाशी लढताना मेला, एव्हरीने ते सहज घेतलं. मुघल इतिहासकार खाफीखान तर थेट गंजच्या कप्तानावर, इब्राहिमखानावर, भ्याडपणाचा ठपका ठेवतो. शत्रू कधी कच खातो ते ओळखणं हेही कसबच.

शाईटाक:
तुमच्या हिशेबात हजहून परतणारी माणसं कुठे आहेत? लुटीच्या दिवसांत बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या. त्याला कसब म्हणायला माझा जीव धजत नाही. फटका बसला ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीला: प्रमुख सॅम्युअल ॲनस्ली आणि त्याच्या माणसांना बेड्या पडल्या. मराठ्यांशी लढत दक्षिणेत अडकलेल्या बादशहाला यात्रेकरूंची जहाजं राखता आली नाहीत, ही नामुष्की वेगळीच. आणि लंडनचा न्याय बघा. ऑक्टोबर १६९६ मध्ये गंजच्या लुटीच्या आरोपातून ज्यूरीने एव्हरीच्या पकडलेल्या खलाशांना सोडलं. मग 'चार्ल्स' पळवल्याचा दुसरा खटला भरला, त्यात दोषी ठरवलं आणि पाच जणांना फाशी दिली. इंग्रजी जहाजाची चोरी सिद्ध झाली, यात्रेकरूंची लूट नाही.

डोलकाठी:
शाईटाक, हे पटलं. सागरवाट, तयारीचंच म्हणाल तर शेवट बघा. बहामात गव्हर्नर ट्रॉटला लाच देऊन टोळी पांगली, पण माल खपवायची सोय कुणाचीच नव्हती. टोळीतल्या जॉन डॅनने सोन्याची नाणी कोटाच्या अस्तरात शिवली, ती मोलकरणीच्या हाती लागली आणि तो इंग्लंडमधल्या रॉचेस्टरमध्ये पकडला गेला. एव्हरी सुटला खरा, पण ज्यांच्या जोरावर लूट केली त्यांना त्याने वाऱ्यावर सोडलं.