चौकशीत कागद-पेन्सिल द्यावी का? चित्रावरून खोटं पकडता येतं का?

खाडीकाठ (धागाकर्ता):
किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात मी बरीच वर्षं रायटर होतो. आता निवृत्त आहे. ढिगांनी जबाब लिहिले, त्यामुळे पोटतिडकीनं सांगतोय. माणसाला "काय झालं ते सांग" एवढ्यावर सोडू नये. "कुठे होतास ते काढून दाखव" असंही म्हणावं.

एकदा जुलैमध्ये बंदरावरून होडीचं मशीन चोरीला गेलं. एक खलाशी म्हणाला, "रात्रभर बंदरावर जाळं विणत बसलो होतो." तीनदा विचारलं, तिन्ही वेळा शब्दन्शब्द तेच. मी सहज एक पाठकोरा कागद पुढे सरकवला. त्यानं जेटी काढली, दिव्याचा खांब काढला आणि पाण्यात नांगरलेल्या चार होड्या काढल्या, बावट्यांसकट. जुलैत पावसाळी मासेमारीबंदी असते. सगळ्या होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. त्या रात्री तिथे बसलेल्या माणसाला त्यांना पाठ टेकूनच बसावं लागलं असतं, इतकी दाटी होती.

पुढे वाचनात आलं की इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ आल्डर्ट व्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१० साली हाच प्रयोग नीट करून पाहिला होता. पोलीस आणि लष्करातल्या ३१ जणांना एका ठिकाणी जाऊन एका माणसाकडून सामान घ्यायला सांगितलं. नंतरच्या मुलाखतीत काहींनी खरं सांगायचं, काहींनी आपण भलतीकडेच होतो असं भासवायचं. मग ती जागा काढून दाखवायची. खरं सांगणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांनी सामान देणारा माणूस चित्रात काढला. खोटं बोलणाऱ्यांपैकी ८७ टक्के त्याला विसरले. शिवाय खरे लोक जागा आपल्या डोळ्यांनी दिसली तशी काढत होते, खोटे बरेचदा आकाशातून पाहिल्यासारखी.

तोंडी जबाबात माणूस नको ते वगळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. कागदावर प्रत्येक वस्तूला जागा द्यावीच लागते. आपल्याकडे हे का करू नये?

सुरूबन:
काका, मी तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची, मुलगी. मला हे वाचून भीती वाटली.

तुम्हीच दिलेला आकडा बघा. खऱ्यांपैकी ८० टक्क्यांनी माणूस काढला, म्हणजे २० टक्क्यांनी नाही काढला. पाचातला एक खरा माणूस तुमच्या कागदावर खोटा ठरला. आणि ते वर्दीतले लोक होते. आमच्या बापानं चौथीनंतर पेन्सिल धरलेली नाही. साहेबासमोर त्याचा हात थरथरणार, चित्र अर्धं राहणार. "वरून काढलं म्हणजे खोटं" हे तर अगदीच पटत नाही. तो रोज होडीतल्या प्लॉटरच्या, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर समुद्र बघतो, तो वरूनच दिसतो. गावात कुणालाही विचारा, घर कुठे, तर तो सातबारा आणि गटाचा नकाशा डोळ्यासमोर आणून काडीनं मातीत बांध ओढतो.

आणि तुमचा खलाशी? बंदर काढ म्हटलं की माणूस रोजच्या सवयीचं बंदर काढतो, होड्या पाण्यात असलेलंच.

कातळशिल्प:
मी शाळेत चित्रकला शिकवतो. पालकांच्या कार्यशाळेत "आपलं घर काढा" म्हटलं की विहीर वरून दिसते तशी गोल, माड बाजूनं उभा, अंगण वरून चौकोनी, तुळस समोरून. सगळं एकाच कागदावर. न शिकलेला हात असंच काढतो. त्यात खरं-खोटं काही नसतं. त्यामुळे नजर कुठून आहे हे मोजू नये, याबाबत मी ताईंच्या बाजूचा.

पण काढताना माणूस जे बोलत असतो ते सोन्यासारखं असतं. "इथे गडगा, गडग्याला सायकल... अरे हो, सायकल होती." हे दर वर्गात ऐकतो. साक्षीदाराला आठवायला मदत म्हणून कागद द्या. खोटं पकडायचा सापळा म्हणून नको.

बारा वाव:
वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या मनातलं काढून घ्यायच्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं सांगितलं. आधार राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९६१ च्या काठी कालू ओघड निकालात हस्ताक्षराचा नमुना आणि बोटांचे ठसे या संरक्षणातून वगळले होते, कारण त्यातून माणसाच्या मनातली माहिती उघड होत नाही.

चित्र कुठे बसतं? माझ्या मते तो हस्ताक्षराचा नमुना नव्हे, कागदावर उतरवलेला जबाबच आहे. संशयितानं "काढत नाही" म्हटलं तर तिथेच थांबायला हवं, आणि नकाराचा अर्थ लावता कामा नये. पोलीस घटनास्थळाचा कच्चा नकाशा करतात तो वेगळा. तो पोलिसाच्या डोळ्यांचा असतो.

खाडीकाठ:
वकीलसाहेब, संमतीचं शंभर टक्के मान्य. सर, तुमचंही मान्य.

ताई, खलाशाची गोष्ट मी अर्धीच सांगितली, पुरी सांगतो. तो खोटं बोलत होता, पण चोर नव्हता. बंदीच्या काळात मशीनची होडी घेऊन गुपचूप दर्यावर गेला होता आणि ते लपवत होता. मशीन दुसऱ्याच वाडीत सापडलं. चित्र पाहून त्याला आत टाकायला निघालेले लोक ठाण्यात होते, हेही खरं. तेव्हा मी कागद दाखवून एवढंच म्हणालो होतो, "याला होड्यांबद्दल विचारा." विचारल्यावर तो रडला आणि सगळं सांगितलं.

पण नुसतं तोंडाकडे बघून तरी काय कळतं? २००६ साली बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी असंख्य प्रयोग एकत्र करून पाहिले, तर लोक खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. म्हणजे जवळपास छापा-काटा. ठाण्यात आजही "नजर चोरतोय, म्हणजे खोटं" यावर माणसं मार खातात. कागद त्याहून बरा.

सुरूबन:
मार खाण्यापेक्षा बरा, हे खरं. पण कागद फायलीला लागला की पुढचा साहेब त्यावर "खोटा" लिहिणार. तुमच्यासारखा रायटर प्रत्येक ठाण्यात नसतो.

काल रात्री मी बाबांना मागे होडी उलटली होती तो दिवस काढायला सांगितला. अर्धा तास बसले. एक माझं चुकलं, वरून नाही काढलं. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराची खिंड एका रेषेत, खाली खडक, त्यावर फुटणारं पाणी. हा खडक कितव्या वावावर, म्हणजे किती खोल पाण्यात, तेही बोलत होते. होडीत चौघे होते, चित्रात एकही नाही.

खाडीकाठ:
विचारलंस का, माणसं कुठे गेली?

सुरूबन:
विचारलं. म्हणाले, "आम्ही होडीत होतो ना, दिसणार कसे?"