महिन्याचं पिल्लू नेऊ नका

भाऊ, पिल्लू दूध-भाकर चाटायला लागलं म्हणजे न्यायला झालं, असं तुम्ही म्हणता. आमच्याकडेही वावरात जागलीला कुत्रं पाहिजे म्हणून लोक महिन्याभराचंच पिल्लू थैलीत टाकून नेतात. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते नुसतं चाटायला शिकतं; अंगावरचं पुरतं सुटायला 7-8 आठवडे लागतात. तोवर मायजवळच राहू द्या.

आणि प्रश्न नुसत्या दुधाचा नाहीच. मागच्या हिवाळ्यात आमच्या कोठ्यात कुटाराच्या ढिगावर पाच पिल्लं झाली. एकानं दुसऱ्याचा कान जोरात धरला की ते केकाटे आणि खेळ तिथंच थांबे. त्या सुईसारख्या दातांना वैतागून मायही उठून जाई. दात किती लावायचा, हे असंच कळतं. त्यातलं लवकर नेलेलं एक शेजाऱ्याच्या पोरांच्या पोटऱ्या फोडत फिरायचं.

फार उशीरही नको. माणसं, बैल, ट्रॅक्टरचा आवाज यांची सवय 3 ते 12 आठवड्यांतच चांगली लागते. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, आपल्याकडे तीच हमखास द्यायची राहून जाते.